सांगलीत जर्सी छापून घेताना: बारा वॉरियर्स आणि एक चुकलेला पूल

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. कापड पेठेच्या मागच्या अंगाला पहिल्या मजल्यावर सब्लिमेशन प्रिंटिंगचं जे दुकान आहे, तिथे टीमची जर्सी करून घ्यायला हरकत नाही. कापड चांगलं, शिलाई पक्की, भाव रास्त, माणसं ऐकून घेणारी. मात्र ते जी तारीख देतील तिच्यात आठवडा मिळवा, आणि रंग निळा असेल तर कापडावरचं सँपल हातात घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. दुकानाचं नाव लिहीत नाही. एक तर खाली तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे मालकांनीच बजावलंय, ‘नावबिव टाकू नका ताई, सीझनला आधीच फोन उचलायला माणूस नसतोय.’ विश्रामबागेत सकाळी बास्केटबॉल खेळणाऱ्या कुणालाही विचारा, पत्ता मिळेल.

आता सविस्तर.

आम्ही सकाळी सहाला कोर्टवर जमणारी माणसं. मी बँकेत आहे. आमचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा सगळ्यांत उंच गडी, वीज खात्यात आहे, सहा फूट दोन इंच. मिरजेच्या एका हॉस्पिटलातल्या भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाई आहेत, मार्केट यार्डातले हळदीचे अडते आहेत, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची दोन-तीन पोरं आहेत. बाकीचे कुणाचे ना कुणाचे आईबाप. मुलांना शिकायला घेऊन आले, बाकावर बसून कंटाळले आणि एक दिवस चप्पल काढून आत शिरले. जानेवारीत आमची आपापसात स्पर्धा असते, बक्षीस भडंगाची पाच किलोची पिशवी. यंदा ठरलं की एका संघाला तरी नीट जर्सी करायची.

जर्सी म्हटली की सगळ्यांना २३ नंबर पाहिजे. मायकेल जॉर्डनचा. ज्यांनी शिकागो बुल्सचा एक सामना कधी पाहिलेला नाही त्यांनाही २३ पाहिजे. एका संघात एक नंबर दोघांना चालत नाही, हे पटवण्यातच एक सकाळ गेली. आमच्या वेळी विद्यापीठाच्या सामन्यांत नंबर ४ ते १५ एवढेच असायचे. १, २, ३ ही बोटं पंचांना गुण आणि फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या, खुणांसाठी लागायची. आता फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, ०, ०० आणि १ ते ९९ सगळं मोकळं केलंय, त्यामुळे भांडणंही मोकळी झालीत.

मग मी सुचवलं, क्लब एकच घ्यायचा, पण प्रत्येक जर्सी वेगळ्या काळातली. आणि त्याला गोल्डन स्टेट वॉरियर्ससारखा क्लब नाही. पोरांना तो स्टेफन करीपासून माहीत आहे. प्रत्यक्षात तो १९४६ सालचा. आजची एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, ज्या लीगमधून आली, त्या बीएएच्या पहिल्या सीझनचा विजेता. जन्म फिलाडेल्फियात, १९६२ ला देशाच्या दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्कोत मुक्काम, १९७१ ला खाडीपलीकडे ओकलंडला, २०१९ ला परत सॅन फ्रान्सिस्कोत. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत छातीवर शहराचं नाव नाही, राज्याचं टोपणनाव, गोल्डन स्टेट म्हणजे कॅलिफोर्निया. एवढ्या बदल्या आमच्या बँकेतही कुणाच्या होत नाहीत. साहजिकच जर्सीही सारखी बदलत गेली, आणि आमच्या बारा जणांना बारा तऱ्हा मिळाल्या. नियमाने एका संघाच्या जर्सीचा मुख्य रंग एकच लागतो, म्हणून आम्ही सगळ्यांचा पाया निळा ठेवला आणि छातीवरची अक्षरं, चित्रं, नंबर त्या त्या काळातले घेतले. इतिहासाच्या मास्तरांना हे खटकेल. टेबलावरच्या पंचांना खटकणार नाही, ते महत्त्वाचं.

क्लबचा अधिकृत माल हवा असेल तर त्यासाठी हे दुकान नाही. अधिकृत जुन्या धाटणीची जर्सी काही हजारांना पडते. आम्हाला घाम पुसायला आणि फोटो काढायला पाहिजे होती, विकायला नाही.

दुकानात मालक, त्यांचा मुलगा आणि दोन शिलाईवाल्या बायका. मालक मला ताई म्हणतात, पोरगा काकू म्हणतो. सोडून दिलं. पहिल्याच भेटीत मला आवडलं ते हे की मालकांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, ‘खेळायला पाहिजे का वाटायला?’ वाटायला म्हणजे निवडणूक, वाढदिवस, मंडळ. त्याचं कापड वेगळं, खेळायचं वेगळं. आम्हाला त्यांनी डॉट निट दाखवलं, बारीक छिद्रांचं पॉलिस्टर. मी ते उजेडासमोर धरून ताणून पाहिलं, सोडल्यावर जागेवर आलं. सुती मागितलंत तर ते नाही म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, कारण सब्लिमेशनची शाई फक्त पॉलिस्टरमध्ये शिरते.

ते कसं होतं हे त्यांनी हौसेने दाखवलं. आधी कागदावर उलटं छापतात. त्या कागदावरचे रंग इतके मरगळलेले दिसतात की आमच्या अडत्यांचा चेहरा उतरला. मग पांढऱ्या कापडाचा कापलेला भाग आणि कागद एकावर एक ठेवून दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या प्लेटखाली मिनिटभर दाबतात. प्लेट उचलली, कागद सोलला, की खाली भडक, ताजा रंग. शाईची वाफ होऊन ती धाग्यात गेलेली असते, त्यामुळे वरून काही चिकटवल्यासारखं हाताला लागत नाही आणि धुतल्यावर तडे जात नाहीत. आमच्या जुन्या जर्सींवर रबरचे नंबर होते. दोन पावसाळ्यांत ८ चा ३ झाला होता.

आता निळ्याचं. वॉरियर्सचा निळा म्हणजे रॉयल ब्लू. मोबाइलवर तो झकास दिसत होता, कागदावर बरा होता, कापडावर उतरला तो थेट वांगी. मालकांनी सांगितलं की रॉयल ब्लू या मशीनवर जांभळ्याकडे झुकतोच, शाईचा हात कमी-जास्त करून तो ओढून आणावा लागतो. मला ते मान्य आहे. पण हे त्यांना आधीच माहीत होतं, तर पुढचे-मागचे सहा भाग दाबून होईपर्यंत थांबायचं कशाला? आणि जांभळा म्हणजे नुसता चुकीचा रंग नव्हे. बास्केटबॉलमध्ये जांभळा-पिवळा म्हणजे लॉस एंजेलिस लेकर्स. वॉरियर्सच्या जर्सीवर लेकर्सचा रंग घालून कोर्टवर गेलो असतो तर वालचंदच्या पोरांनी आम्हाला जगू दिलं नसतं. आमचा सेंटर म्हणाला, ‘माझी राहू दे जांभळी, चेंबरलेन शेवटी लेकर्सकडंच गेला की.’ खरं आहे, १९६८ ला गेला. पण त्याच्या छातीवर आम्ही फिलाडेल्फिया लिहीत होतो. ते सहा भाग मालकांनी स्वतःच्या खर्चाने बाद केले, एक शब्द न बोलता. हे त्यांच्या खात्यावर जमा.

सेंटरची जर्सी म्हणजे १३ नंबर, विल्ट चेंबरलेन. त्या काळच्या जर्सीवर छातीवर अख्खं फिलाडेल्फिया बसायचं नाही, म्हणून नुसतं ‘फिला’. पोराने व्हॉट्सॲपवर पहिलं डिझाइन पाठवलं त्यात अख्खं नाव बसवलं होतं, अक्षरं इतकी बारीक की बसच्या पाटीवरही वाचता येणार नाहीत. मी फोन करून सांगितलं, इंग्रजी पाचच अक्षरं, मोठी, कमानीत. कारण न विचारता केलं. १३ चा हा नंबर घालून चेंबरलेनने २ मार्च १९६२ ला न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एका सामन्यात १०० गुण केले. सामना फिलाडेल्फियातही नव्हता. हर्शी नावाच्या चॉकलेटच्या गावात होता, नवे प्रेक्षक मिळावेत म्हणून क्लब काही सामने तिथे नेऊन खेळवायचा. प्रेक्षक चार हजारांच्या थोडे वर. टीव्हीचं चित्रीकरण नाही. फ्री थ्रोला कायम गडबडणाऱ्या या माणसाने त्या रात्री ३२ पैकी २८ टाकले, आणि ते खालून, दोन्ही हातांनी, गुडघ्यांमधून बॉल उचलून. त्या सीझनला त्याची सरासरी सामन्याला ५०.४ गुण होती. तरी विजेतेपद नाही, बोस्टनने सातव्या सामन्यात बाहेर काढलं. आमच्या सेंटरला हा शेवटचा भाग फार आवडतो. आपण हरलो की तो हेच सांगतो.

माझ्यासाठी मी १६ घेतला. पोराने दोनदा खात्री केली, ‘काकू, १६ कोण?’ ॲल ॲटल्स. त्याच हर्शीच्या रात्री चेंबरलेनच्या शंभरांत हा गार्ड दिसतच नाही, पण त्याने मारलेले आठच्या आठ शॉट आत गेले, एक फ्री थ्रो मिळाला तोही गेला. सतरा गुण, एकही चूक नाही, आणि चर्चा दुसऱ्याची. बँकेत काम करणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९६० ला तो फिलाडेल्फियात आला. क्लब हलला तसा सोबत सॅन फ्रान्सिस्कोला गेला, ओकलंडला गेला, खेळता खेळता प्रशिक्षक झाला, १९७५ ला विजेतेपद आणलं, मग जनरल मॅनेजर, मग क्लबचा घरचा माणूस. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेला तोपर्यंत तो वॉरियर्सचाच होता. मालक बदलले, शहरं बदलली, नाव बदललं, हा बदलला नाही. १९७५ च्या अंतिम फेरीचा त्याचा किस्साही भारी आहे. चौथ्या सामन्यात वॉशिंग्टनचा एक खेळाडू वॉरियर्सच्या रिक बॅरीच्या अंगावर गेला, तर प्रशिक्षक ॲटल्सच मध्ये घुसला आणि पंचांनी त्यालाच बाहेर काढलं. उरलेला सामना सहायक प्रशिक्षकाने चालवला. जिंकले, चार-शून्य. आणि ते घरचे सामने ओकलंडमध्ये झालेच नाहीत. तिथल्या स्टेडियमला बर्फावरच्या नाचाचा शो आधीच बुक होता. क्लब अंतिम फेरीपर्यंत जाईल असं कुणाला वाटलंच नव्हतं, म्हणून सामने जुन्या काऊ पॅलेसमध्ये नेले. आपल्याकडे मैदानात लग्न असलं की सामना पुढे ढकलतात, त्यातलीच गत.

बॅरीचा २४ डॉक्टरीणबाईंनी घेतला. बॅरी आयुष्यभर फ्री थ्रो खालूनच टाकत राहिला आणि दहांतले नऊ आत घालवत राहिला. लोक हसायचे. बाईंनी आता तो प्रकार आमच्या कोर्टवर सुरू केलाय. लोक अजून हसतात. बाईंचे मात्र जातात.

पूल जिथे चुकला ती जर्सी ४२, नेट थर्मंडची. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात क्लबने सॅन फ्रान्सिस्कोत जी जर्सी काढली ती मला आजवरच्या कुठल्याही खेळातली सर्वांत देखणी वाटते. पुढे एक पिवळं वर्तुळ, त्यात वर ‘द सिटी’ आणि खाली गोल्डन गेट पूल. शहराचं नावसुद्धा नाही. मागे ट्राम, म्हणजे तिथली चढावरची केबल कार, आणि तिच्यावर नंबर. पोराने नेटवरून चित्र उचललं आणि ‘द सिटी’ या अक्षरांखाली जो पूल बसवला तो २०१० नंतरच्या लोगोतला. तो गोल्डन गेट नव्हेच. तो बे ब्रिज, एकच उंच मनोरा आणि त्यावरून उतरणाऱ्या तारा, सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडला जोडणारा. क्लब तेव्हा ओकलंडमध्ये होता, त्याला दोन्ही काठ हवे होते, म्हणून हा पूल. त्याचा तो नवा भाग वाहतुकीला उघडला २०१३ ला. म्हणजे लोगो आधी, पूल नंतर.

पोरगा म्हणाला, ‘काकू, पूल तो पूलच की. कोण बघतंय?’

मी म्हटलं, ‘उद्या मी आयर्विन पूल म्हणून बायपासचा छापला तर?’

मालक आतून हसत आले. ‘पायावर कुऱ्हाड मारून घेतलीस,’ म्हणाले पोराला. त्यांचं घर सांगलवाडीचं. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या या आयर्विनजवळ पाणी किती फुटांवर गेलं हे पहाटे उठून ऐकणारी माणसं ही. त्यांना पुलाचं वेगळं काय सांगायचं? त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून गोल्डन गेट नव्याने काढला, तारांसकट. केबल कारही काढली, खिडक्यांसकट. आणि मग खुमखुमी आल्यावर आमच्यासाठी एक जादा डिझाइन केलं. वर्तुळात वर ‘सांगली’, खाली आयर्विनच्या दगडी कमानी, मागे ट्रामच्या जागी टांगा. ते आम्ही पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवलंय. अडत्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी यंदाच पाहिजे म्हणून हट्ट धरला होता. एक संघ, एक क्लब, असं म्हणून मी दाबून नेलं.

बाकीच्या जर्सी झटपट सांगते, कारण त्यांत फार भानगड झाली नाही. १० नंबर जो फल्क्स, पहिल्या सीझनचा हिरो, जंप शॉट, म्हणजे उडी मारून टाकलेला शॉट, लोकांना नवा होता त्या काळातला. १४ टॉम मेशेरी, जन्म मांचुरियातल्या हार्बिनचा, आईवडील रशियन, लहानपणी युद्धात टोकियोच्या छावणीत कैद, पुढे खेळाडू आणि त्यानंतर कवी. १७ ख्रिस मुलिन आणि २३ मिच रिचमंड, हे दोघे आणि टिम हार्डवे मिळून नव्वदच्या आसपास ‘रन टीएमसी’ म्हणून धुमाकूळ घालायचे. १९९१ ला क्लबने अदलाबदलीत रिचमंडला दुसऱ्या क्लबला देऊन ते त्रिकूटच मोडलं. पुढे १९९४ नंतर बारा सीझन प्लेऑफचं, म्हणजे बाद फेरीचं, तोंड नाही. हा काळ जर्सीवर दाखवायचा कसा, हा आमच्यापुढे प्रश्न होता. ज्यांनी २३ साठी भांडण केलं होतं त्यांनाच आम्ही रिचमंड दिला. २३ मिळाला, जॉर्डन नाही.

५ नंबर बॅरन डेव्हिस. २००७ चा तो संघ आठव्या क्रमांकावरून प्लेऑफमध्ये आला आणि ६७ सामने जिंकलेल्या डॅलसला चार-दोनने घरी पाठवलं. त्या काळची जर्सी गडद निळी, नारिंगी किनार आणि बाजूला विजेच्या रेघा. आमच्या पायाच्या निळ्यावर त्या रेघा मालकांनी फार सुबक बसवल्या. फक्त बाजूची शिवण आल्यावर एका अंगाची रेघ दुसऱ्या अंगाच्या रेघेपेक्षा बोटभर वर आहे. कुणी हात वर केला की दिसतं, आणि बास्केटबॉलमध्ये हात वरच असतात.

११ वरून खरी कटकट झाली. वालचंदच्या एका पोराला क्ले थॉम्पसनचा ११ पाहिजे होता. मी तो पॉल ॲरिझिनला दिला. १९५६ च्या विजेतेपदातला खेळाडू, मध्ये दोन वर्षं अमेरिकी सैन्याच्या मरीन्समध्ये जाऊन आलेला. १९६२ ला क्लब साडेआठ लाख डॉलरला विकला जाऊन सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, तेव्हा हा म्हणाला, मी नाही येत. फिलाडेल्फियातच राहिला, आयबीएममध्ये नोकरी केली आणि शनिवार-रविवार जवळच्या छोट्या लीगमध्ये खेळत राहिला. पोराला मी सांगितलं, बदली नाकारून गावात राहिलेला माणूस आहे, तुला कॅम्पसमध्ये पुण्याची ऑफर आली की आठवेल. त्याला काही ते पटलं नाही. पण जर्सी अंगात घातल्यावर फोटो त्यानेच सगळ्यांत आधी टाकला.

९ इगोडाला आणि ३० करी, हे नवे. करी २००९ ला एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सातव्या क्रमांकावर निवडला गेला. २०१० ला जो लेकब आणि पीटर ग्युबर यांनी क्लब ४५ कोटी डॉलरला घेतला. त्या मालकांच्या गटात मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवेही होते. पुढे ते सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे मालक झाले आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तो संघ वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळून गेला. वॉरियर्सनी मात्र २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चार विजेतेपदं आणली. मध्ये ७३-९ चा विक्रमी सीझन करून अंतिम फेरीत ३-१ ची आघाडी घालवली, तेही जमवलं, आणि २०१९-२० ला शेवटच्या नंबरावरही जाऊन आले. ३० नंबर माझ्या लेकीने घेतला. तिच्याशी कोण भांडणार? जर्सीत ती एकटीच शोभते हेही खरं.

आता मापांबद्दल. यांचा साइज चार्ट पुरुषांच्या अंगाचा आहे. ४० म्हणजे ४०, पण बिनबाह्यांच्या जर्सीची बगल इतकी खोल काढतात की बायकांना आत टी-शर्ट घातल्याशिवाय गत्यंतर नाही. मी आणि डॉक्टरीणबाई दोघींनी हे माप देतानाच सांगितलं होतं, शिलाईवाल्या बाईंनी वहीत लिहूनही घेतलं होतं, आणि तरी जर्सी खोल बगलेचीच आली. परत दिल्यावर त्याच बाईंनी अर्ध्या तासात आत पट्टी घालून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि हळूच म्हणाल्या, ‘कटिंग त्या पोराचं असतंय.’ तेव्हा बाईमाणसांनी माप कटिंग करणाऱ्याला समोर उभं करून द्यावं, वहीवर विसंबू नये. पोटाकडे मात्र ऐसपैस ठेवतात. अडते खूश आहेत.

शिलाई ओव्हरलॉक, गळ्याला आणि बगलांना दुहेरी पट्टी. स्पर्धेत ओढाताण झाली, एकही टाका उसवला नाही. धुताना गरम पाणी नको, उलटी करून सावलीत वाळवायची, इस्त्री नंबरावरून फिरवायची नाही, हे ते पावतीवर शिक्का मारून देतात. आमच्या सेंटरच्या घरी वॉशिंग मशीनमध्ये सगळ्यांसोबत टाकली, तरी ‘फिला’ जसंच्या तसं आहे.

पैसे. नुसती जर्सी साडेतीनशे, शॉर्टसकट साडेसहाशे. नाव घालायचे वेगळे पैसे नाहीत, डिझाइनचेही नाहीत. बारापेक्षा कमी नग असतील तर नगाला पन्नास जास्त. बाहेर ऑनलाइन याहून स्वस्त मिळेल, पण तिथे पूल बदलायला कुणी रात्री मशीन सुरू ठेवत नाही.

उशीर. दिलेल्या तारखेला आठ जर्सी मिळाल्या, चार राहिल्या. कारण विचारलं तर कबड्डीची ऑर्डर मध्ये आली म्हणे. सांगलीत कबड्डीपुढे बास्केटबॉलचं काय चालतं हे मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून मी रागावले नाही. पण फोन तर करायचा होता. उरलेल्या चार स्पर्धेच्या आदल्या रात्री पोरगा स्वतः गाडीवर घेऊन आला, त्यातल्या दोन अजून कोमट होत्या. गणपती, शिवजयंती आणि क्रिकेटच्या स्पर्धा यांच्या पुढेमागे ऑर्डर देऊ नका. दिलीत तर रोज एक फेरी मारायची तयारी ठेवा. व्हॉट्सॲपवर ते हो म्हणतात, समोर गेलं की काम करतात.

पाचात चार. एक कापला तो निम्मा निळ्यासाठी, निम्मा फोनसाठी. पुलासाठी कापला नाही, तो त्यांनी दामदुपटीने भरून दिला.

आणखी एक. डिझाइनची कोरल फाइल त्यांच्याच कॉम्प्युटरवर राहते. मागितली तर पेन ड्राइव्हवर देतात, कुरकुर करत नाहीत, पण मागावी लागते. आमच्या बारा आणि ती सांगलीची तेरावी मी घेऊन ठेवलीय. कुणाला आयर्विनच्या कमानी पाहिजे असतील तर मालकांना आधी विचारा, काढल्या त्यांनी आहेत.